विहिरीवर बांधलेलं घर

बीडमधल्या लिंगायत वाण्यांच्या घरांत कावेरीचं नाव निघालं की बोलणारा आधी आवाज खाली आणायचा. "ती, भावाला कोर्टात वढलेली," एवढी ओळख पुरायची. लग्नात, बारशात, कपिलधारच्या यात्रेत बायका तिच्याजवळ बसायच्या, तब्येत विचारायच्या, पण बोलणं तिच्या माहेराकडे वळायला लागलं की कुणाला तरी पोळ्यांचं काम आठवायचं. कावेरीला आधी याचं फार लागायचं. पुढं तिनं लावून घेणं सोडलं. ज्या माणसांचं तिला खरोखर लागलं होतं, ती ही नव्हती.

ती केदारअप्पांची धाकटी लेक. अप्पांची मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत होती आणि पालीच्या रस्त्याला मळा. मळ्यात चिंचेची झाडं, थोडी भाजी, थोडा हरभरा. सुट्टीच्या दिवशी सगळं घर तिकडं जायचं. कावेरीचं लग्न चौसाळ्याच्या सोमलिंगशी झालं. सोमलिंगनं बीडमध्येच भाड्याच्या जागेत किराणा दुकान टाकलं होतं, त्यामुळं ती लग्नानंतरही माहेरापासून हाकेच्या अंतरावर राहिली. अप्पा गेले आणि घराचा कारभार थोरल्या भावाकडं, वीरेशकडं आला.

वीरेशला आडतीत बसून ज्वारीच्या पोत्यांत हात घालायचा कंटाळा होता. त्याच्या नशिबानं काळही बदलत होता. ब्याण्णव-त्र्याण्णवची ती वर्षं. गावात कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बोर्ड लागत होते, मास्तर लोक हप्त्यानं रंगीत टीव्ही घेत होते, आणि ज्याच्याकडं रस्त्याकडेची जमीन होती तो रात्रीतून बिल्डर होत होता. वीरेशनं आडत मोडली, मळा सपाट केला, चिंचा तोडल्या, आणि तिथं एका रांगेत स्लॅबची घरं बांधायला काढली. फाटकावर वडलांचं नाव लावलं, केदारनगर. माणसं म्हणाली, पोरानं बापाचं नाव काढलं.

घरं पुरी व्हायला आली तेव्हा वीरेश एकदा कावेरीच्या खोलीवर आला. बसला, चहा घेतला, तिच्या लहानग्या लेकीला, अपेक्षाला, मांडीवर घेतलं. मग म्हणाला, "कावेरी, मळ्यात तुझा बी वाटा हाय. कायद्यानं हाय, न्हाई ते मला म्हाईत न्हाई, पर माझ्या मनानं हाय. रांगेतलं शेवटचं घर तुझ्या नावानं करतो. तू बाकीच्यावर सही देऊन टाक, म्हंजे पुढं पोराबाळांत वाद नको."

कावेरीचे डोळे भरून आले. बहिणीला लुगडं-चोळीवर वाटेला लावणारे भाऊ तिनं घरोघरी पाहिले होते. रजिस्ट्री ऑफिसात तिनं एकाच दिवशी दोन कागदांवर सह्या केल्या. एकानं मळ्यावरचा हक्क गेला, दुसऱ्यानं घर आलं. वास्तुशांतीला आई नीलाबाईनं स्वतःच्या हातानं देवघरात दिवा लावला. सोमलिंग त्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता की मेहुणा मिळावा तर असा.

पहिल्या पावसाळ्यात मागच्या खोलीच्या भिंतीला, फरशीच्या वर वीतभर, एक काळपट रेघ उठली. वीरेश म्हणाला, नवं बांधकाम हाय, वाळायला वेळ लागतो. हिवाळा गेला तरी रेघ वाळली नाही. उलट वर चढत गेली. दुसऱ्या पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात काळे ठिपके आले, आणि दसऱ्याच्या साफसफाईला लोखंडी कपाट पुढं ओढलं तर त्याच्या मागं हिरवट राखाडी मखमल पसरलेली. हात लावला तर बोटाला भुकटी आली. कावेरीनं नाकाला पदर लावून सगळं खरवडलं, फिनेलनं पुसलं, चुना मारला. महिन्याभरात चुन्याचे पोपडे सुटले आणि त्यांच्या खालून तीच मखमल पुन्हा आली. मग डिस्टेंपर झाला, ब्लिचिंग पावडर झाली. बरणीतलं मीठ पाणी सोडायचं. ठेवणीतल्या साड्यांना कुबट वास यायचा, आणि तो वास अंगालाच चिकटला आहे असं वाटून ती चारचौघींत जायला लाजायची.

खोकला कधी सुरू झाला ते तिला सांगता आलं नसतं. कोरडा खोकला, छातीच्या तळातून येणारा. मग संध्याकाळी थंडी वाजून कणकण. मग जिना नसलेल्या त्या घरात नुसतं मोरीपासून दारापर्यंत जाताना धाप. सोमवारच्या भजनात तिचा आवाज सगळ्यांत वर असायचा, तो एका कडव्यात तुटायला लागला, आणि मग ती भजनाला जायचीच थांबली.

गावातल्या डॉक्टरांनी फोटो काढला, फुफ्फुसावर डाग पाहिले आणि टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. थुंकीत जंतू सापडले नव्हते, पण गोळ्या चालूच राहिल्या. घरात तिचं ताट वेगळं झालं. भावजय गिरिजा एकदा मोसंबी घेऊन भेटायला आली, दारातच उभी राहिली, नजर घरभर फिरवली आणि निघून गेली. गोळ्यांनी कावेरीची भूक मेली, खोकला नाही.

उन्हाळ्यात ती अपेक्षाला घेऊन चौसाळ्याला सासरी गेली की बरी व्हायची. जाऊबाई म्हणायची, आराम मिळतो म्हणून. परत आली की आठवडा लोटायच्या आत अंग तापायचं. हे तिसऱ्यांदा झालं तेव्हा सोमलिंग तिला अंबाजोगाईला छातीच्या एका मोठ्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. त्यांनी तपासण्याआधी बराच वेळ नुसत्या गप्पा मारल्या. कुठं राहता, घरात कोण कोण, गावी गेल्यावर कसं वाटतं, परत आल्यावर कसं वाटतं. मग म्हणाले, भिंतींचं सांगा. आजवर तिला कुणी भिंतींचं विचारलं नव्हतं.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. बुरशीचे कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण श्वासातून आत जातात. बहुतेकांना काही होत नाही. एखाद्याचं फुफ्फुस मात्र त्यांच्यावर चवताळून उठतं, आणि त्या झटापटीत स्वतःलाच जखमा करून घेतं. लवकर थांबलं तर भरून येतं. थांबलं नाही तर तेवढा भाग कायमचा कडक होतो. टीबी नाही. औषध मी देतो, पण खरं औषध ते घर सोडणं.

टीबी नाही म्हटल्यावर कावेरी परतीच्या बसमध्ये रडली. वाटलं, सुटले.

घर सोडायचं तर जायचं कुठं हा प्रश्न होता, आणि तो सोडवण्याआधी नीलाबाई राहायला आली. लेकीला उठवत नाही म्हणून दोन दिवस स्वयंपाक करायला. मागच्या खोलीत खाटेवर बसली, भिंतीकडं बघितलं, उठून खिडकीतून बाहेर बघितलं, पुन्हा येऊन बसली. म्हणाली, "चिंच इथंच व्हती ना गं. अन चिंचंखाली जुनी विहीर."

कावेरीला ती विहीर अंधुक आठवत होती. पडीक, झुडपांनी झाकलेली, पोरांना तिकडं जायची बंदी होती. सगळा मळा सपाट झाल्यावर कुठं काय होतं याचा पत्ता लागत नव्हता.

"वीरेशनं डबर टाकून बुजवली," नीलाबाई सांगत होती. "गवंडी म्हनत व्हता, मालक, खालचं पानी मरत न्हाई, हितं घर घालू नका, जागा मोकळी सोडा. वीरेश म्हनला, एक घर कमी झालं की सगळा हिशेब बिघडतो. मी तिथंच उभी व्हते."

"मग हेच घर मला कावून दिलं?" कावेरीनं विचारलं.

 नीलाबाई पदरानं खाटेची कड पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी कावेरी रिक्षा करून भावाकडं गेली. भांडायला गेली नव्हती. तिच्या मनात होतं की तो म्हणेल, चुकलं, दुसरं घर देतो, निदान हे दुरुस्त करून देतो. वीरेशनं आधी हसण्यावारी नेलं. विहीर-बिहीर काही नाही, आई म्हातारी झाली, कायबी बोलते. कावेरीनं डॉक्टरांचं सांगितलं. तसा त्याचा चेहरा बदलला. रांगेतली चार घरं अजून विकायची होती, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं.

"घर झाडूनपुसून ठेवलं तर बुरशी कशाला येती?" तो म्हणाला. "बाकीच्या कुनाच्या घरात आली? तुझ्याच घरात कशी?"

आतल्या दारात गिरिजा उभी होती. तिनं होकाराची मान हलवली. कावेरी उठली. दारात चपला घालताना तिला दम लागला आणि तिथंच पायरीवर बसावं लागलं. आतून कुणी पाणी आणलं नाही.

शहादेव वकील तिच्याच वयाचा, तेलगावकडचा, नुकता नाव कमवायला लागलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं की दोन गोष्टी शाबीत कराव्या लागतील. भिंत ओली आहे आणि ती बांधणाऱ्याच्या चुकीनं ओली आहे, ही एक. आणि ताई, तुमचा आजार त्याच भिंतीतून आला, ही दुसरी. "पहिलीला साक्षीदार मिळतील. दुसरी आपल्या कोर्टात कुनी शाबीत केलेली मी तरी बघितली न्हाई."

सोमलिंगला दावा नको होता. तो म्हणत होता, घर विकून टाकू, मोकळं होऊ. पण कावेरीच्या डोक्यात भावाचं ते 'झाडूनपुसून' बसलं होतं. तिनं दिवाणी कोर्टात दावा लावला, भावाविरुद्ध, नुकसानभरपाईचा. आईला विचारून लावला. नीलाबाई म्हणाली होती, मला जिथं उभी करशील तिथं सांगीन, देवाच्या विभूतीची आन.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून बिऱ्हाड चौसाळ्याला हललं. सोमलिंगनं बीडचं दुकान सोडलं आणि हायवेच्या कडेला, ट्रकवाल्यांच्या चहाच्या टपऱ्यांशेजारी नवं टाकलं. अपेक्षानं शाळा बदलली. घराला कुलूप लागलं. कावेरीचा ताप गेला, खोकला उतरला, धाप मात्र थोडी राहिली ती राहिलीच. एवढ्यात शहादेवनं भिंतीची खरवड परभणीच्या शेतकी विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांकडं पाठवली. त्यांनी ती काचेच्या बशीत वाढवली आणि लिहून दिलं की अशी अशी बुरशी आहे, छातीच्या आजाराला कारण होऊ शकते अशा जातीची. पुण्याला पाठवलेल्या कावेरीच्या रक्तातही त्याच बुरशीच्या खुणा निघाल्या. शहादेवला हुरूप आला. तो म्हणाला, आता साखळी जुळली.

मग तारखा पडत राहिल्या. पाहणीला कोर्टाचा कमिशनर आला तो मे महिन्यात, भिंत वर्षात सगळ्यात कोरडी असते तेव्हा. फरशी उकरून विहीर बघू द्या, असा अर्ज शहादेवनं दिला. इमारतीला धोका होईल म्हणून तो नामंजूर झाला. सगळं साक्षीपुराव्यावर येऊन ठेपलं.

कावेरीची उलटतपासणी वीरेशच्या बाजूच्या बबनराव वकिलांनी घेतली. वयस्कर, मऊ बोलणारे. "ताई, दम लागला तर सांगा, थांबू," असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. घरात चार माणसं राहायची ना? हो, सासूबाई असताना चार. आजारी कोण कोण पडलं? ती म्हणाली, मी एकटी. मुलगी नाही, नवरा नाही? नाही. तिला सांगायचं होतं की नवरा दिवसभर दुकानात, मुलगी शाळेत, सासू गावाकडंच जास्त, आणि मी मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत त्याच दोन खोल्यांत. पण जेवढं विचारलं तेवढंच बोलायचं असं तिला बजावलं होतं.

पावसाळ्यात ओले कपडे कुठं वाळत घालता? घरात, ती म्हणाली, सगळेच घालतात. अमुक महिन्यात तुमच्या स्वयंपाकघरात दोन दिवसांची खरकटी भांडी पडून होती, खरं की खोटं?  ते दिवस कावेरीच्या तापाचे होते. तेव्हा घरात मोसंबी घेऊन एकच बाई आली होती आणि दारातून नजर फिरवून गेली होती. कावेरीनं मागं बसलेल्या लोकांत पाहिलं. गिरिजा आलेली नव्हती. वीरेश होता, हातात गाडीची किल्ली फिरवत. 

"खरं हाय," ती म्हणाली.

मग बबनरावांनी परभणीच्या प्राध्यापकांचा अहवाल उचलला. ही बुरशी आणखी कुठं सापडते, हे त्यांनी प्राध्यापकांना आधीच विचारून घेतलं होतं. साठवलेल्या ज्वारीत, भुईमुगाच्या शेंगांत, खराब पेंडीत, कुठंही सापडते, असं त्या सरळ माणसानं सांगितलं होतं.

"तुमच्या घरात ज्वारीचं पोतं असतं?"

"असतं."

"मिस्टरांच्या दुकानातूनच येतं?"

"हो."

"निवडतं कोण, पाखडतं कोण?"

"मीच."

बबनराव बसले. आणखी काही विचारलं नाही. कावेरीला कळलं की आपण खरं बोललो आणि त्याच खऱ्यानं आपल्याला उभं चिरलं. लहानपणापासून ती ज्वारी पाखडत होती, बापाच्या आडतीत ती पोत्यांवर लोळत मोठी झाली होती, तेव्हा तिला साधं पडसं झालं नव्हतं. पण हे कुणी विचारलं नाही, आणि शहादेवनं नंतर सावरायचा प्रयत्न केला तेव्हा जज्जसाहेब जेवणाच्या सुट्टीकडं बघत होते.

अंबाजोगाईचे डॉक्टर दवाखाना बंद ठेवून आले. त्यांनी सगळं नीट सांगितलं, फोटो दाखवले, घर सोडल्यावर बाई कशी सुधारली ते सांगितलं. बबनरावांनी त्यांना एकच गोष्ट तीनदा फिरवून विचारली. हाच आजार धान्याच्या बुरशीनं होऊ शकतो का? होऊ शकतो. मग तो भिंतीच्या बुरशीनंच झाला, धान्याच्या नाही, हे तुम्ही खात्रीनं सांगू शकता?  डॉक्टर म्हणाले, दाट शक्यता भिंतीची आहे. खात्री म्हणाल तर वैद्यकात तशी देता येत नाही.

बाहेर व्हरांड्यात ते कावेरीपाशी आले. म्हणाले, मला खोटं बोलता आलं नाही. तिनं मान डोलावली. माणूस चांगला होता, त्याच्यावर राग धरता येत नव्हता. पण ज्यानं चार भिंतींत ठामपणे घर सोडा म्हटलं होतं, तोच पिंजऱ्यात उभा राहून शक्यता म्हणाला, हे तिला पचायला जड गेलं. शक्यतेसाठी तिनं घर सोडलं नव्हतं, त्यानं सांगितलं म्हणून सोडलं होतं.

गवंड्याचा पत्ता लागला नव्हता. उरली नीलाबाई. शहादेव म्हणाला, आता सगळं तिच्यावर. खाली विहीर आहे, पाणी कायम आहे, आणि बांधणाऱ्याला ते माहीत होतं, एवढं ठरलं की ज्वारीचं कुणी काढणार नाही.

साक्षीच्या दिवशी कावेरी लवकर येऊन कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली उभी होती. आई बसनं येईल, रिक्षातळावरून चालत येईल, म्हणून ती फाटकाकडं बघत होती. पांढरी मारुती आत आली. वीरेशनं उतरून मागचं दार उघडलं आणि आईला हाताला धरून खाली घेतलं. नीलाबाईच्या अंगावर नवं कोरं इरकल होतं. कावेरी चार पावलं पुढं गेली. आईनं तिच्याकडं बघितलं आणि डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला.

पिंजऱ्यात शहादेवनं हळूहळू विचारलं. मळ्यात विहीर होती का? होती. कुठं होती? नीलाबाई म्हणाली, "पार तिकडं, रस्त्याच्या कडंला."

"मुलीच्या घराखाली जुनी विहीर आहे, असं तुम्ही तिच्या घरात बसून तिला सांगितलं होतं. आठवतं?"

"म्या असं काई बोलले न्हाई."

"गवंड्यानं तुमच्या मुलाला सावध केलं होतं..."

"म्या म्हातारी बाई. मला बांधकामातलं काय कळतं, साहेब?"

साहेबांनी शहादेवला विचारलं, आणखी काही? शहादेवनं कावेरीकडं बघितलं. कावेरी आईच्या हातांकडं बघत होती. कपाळाला विभूती लावणारे, तिला न्हाऊ घालणारे हात लाकडाच्या कठड्यावर घट्ट धरलेले होते. कठडा सोडून आई खाली उतरली आणि तिच्या शेजारून गेली. इरकलाला नव्या कापडाचा वास येत होता.

निकाल आला त्या वर्षी पाऊस ओढ देत होता. साहेबांनी सगळा मुद्देसूद लिहिला होता, कुणावर अन्याय करायचा म्हणून नव्हे. वादीचा आजार खरा आहे. घराच्या भिंतींत ओल आहे, बुरशी आहे, सबब प्रतिवादीनं भिंतींची दुरुस्ती करून द्यावी. परंतु सदर आजार सदर भिंतींमुळेच झाला हे वादी शाबीत करू शकलेली नाही. शहादेव वाचून दाखवत होता आणि 'परंतु' म्हणताना त्याचा आवाज बसला. अपील करू म्हणाला. कावेरीनं सोमलिंगकडं पाहिलं. सोमलिंग जमिनीकडं बघत होता. तिनं नको म्हटलं.

वीरेशनं कोर्टाचा मान राखला. माणसं पाठवली, पोपडे काढले, काहीतरी रसायन मारलं, वरून पिस्ता रंग दिला. घर नव्यासारखं दिसायला लागलं. केदारनगरातली उरलेली घरं त्याच हंगामात विकली गेली.

काही महिन्यांनी नीलाबाई एकटी बसनं चौसाळ्याला आली. दुपारची वेळ होती. कावेरीनं पाय धुवायला पाणी दिलं, ताट वाढलं, समोर बसली. आई जेवली. हात धुऊन झाल्यावर म्हणाली, "तुला तुझं घर हाय, कावेरी. नवरा हाय. मला एकच घर हाय, अन ते त्याचं. मला तिथंच मरायचं हाय."

"मला म्हाईत हाय," कावेरी म्हणाली.

"मग रागावू नको."

कावेरीनं ताट उचललं आणि मोरीत नेलं. रागावले नाही, असं म्हणायला तिची जीभ वळली नाही. संध्याकाळच्या बसला तिनं आईला बसवून दिलं, खिडकीतून केळी दिली. बस गेली तशी ती तिथंच टपरीच्या बाकावर धाप जाईपर्यंत बसून राहिली. पुढं आई आजारी पडली, गेली, कावेरी दहा दिवस माहेरी राहून आली, वीरेशशी कामापुरतं बोलली. कोर्टाचं बोलणं भावाबहिणीत कधी निघालं नाही.

घर विकायचं सोमलिंगनं ठरवलं होतं. बीडचा रहमतुल्ला, फळांचा व्यापारी, त्याला मोकळ्या वस्तीत घर हवं होतं. सोमलिंगची त्याच्याशी बोलणी पक्की होत आली. बायकोला एकदा आतून बघू दे, एवढंच रहमतुल्ला म्हणाला. सोमलिंगला दुकान सोडता येईना, म्हणून किल्ली घेऊन कावेरी गेली.

रहमतुल्लाची बायको अजमतबी आणि तिची लहानगी आयशा बाहेर थांबल्या होत्या. कावेरीनं दार उघडलं. स्वतः उंबऱ्यावरच थांबली. आत रंगाचा वास होता, आणि त्याच्या खाली दुसरा. अजमतबी हौसेनं खोल्या फिरली, मागच्या खोलीत उभी राहून म्हणाली की इथं आयशाची खाट लावीन, पुस्तकं ठेवीन.

कावेरीला सोमलिंगचं सकाळचं बोलणं आठवत होतं. गप राह्य, एवढंच तो म्हणाला होता. तिनं अजमतबीला बाहेर बोलावलं आणि सगळं सांगितलं. विहीर, भिंत, ताप, अंबाजोगाई, कोर्ट.

अजमतबीनं ऐकून घेतलं. मग अवघडून म्हणाली, "पर भाबी, तुमचे मालक तर म्हनले की कोर्टात गेलतो, कोर्टानंच निकाल दिला, घरानं कुनी आजारी पडत न्हाई म्हनून. कागद बी दाखवला यांना."

 सोमलिंगनं तारखांना दुकान बंद ठेवलं होतं, वकिलाच्या दारात तासन्‌तास बसला होता, रात्री तिची पाठ चोळली होती. त्याच कागदाला त्यानं घराची सनद केली होती.

"कोर्टाला पटलं न्हाई, एवढंच त्यात लिहिलंय," कावेरी म्हणाली. "मी हितं राह्यले. तुमी तुमचं ठरवा."

अजमतबीनं आयशाचा हात धरला. घराकडं पुन्हा न बघता ती म्हणाली, "न्हाई भाबी. न्हाई घेत."

चौसाळ्याला पोचेपर्यंत रहमतुल्लाचा फोन शेजारच्या एसटीडीवर येऊन गेला होता. सोमलिंगनं शटर अर्धं ओढलं आणि तो आत आला. तो ओरडला नाही. लग्नानंतर इतक्या वर्षांत तो कधी ओरडला नव्हता.

"सगळ्यांनी तुला दगा दिला," तो म्हणाला. "भावानं दिला, आईनं दिला. मी न्हाई दिला. अन तू मला दिलास."

"तुमी तो कागद दाखवला," कावेरी म्हणाली.

"मग काय दाखवू? तुझ्या औषधाला दुकान पुरतं का?"

 दुकान पुरत नव्हतं, हे खरं होतं. तो कागद त्यानं तिच्यासाठीच दाखवला होता, हेही खरं होतं. दोन्ही खरं असूनही तिला तो कागद विसरता येईना. त्या रात्री आणि त्यानंतर बरेच दिवस ते एकमेकांशी अपेक्षामार्फत बोलले. अपेक्षा तेव्हा दहावीला होती. तिनं एकदा वैतागून सांगितलं की मला अभ्यास आहे, तुमचं तुम्ही बोला.

कुलूप लागलेलं घर तसंच राहिलं. कावेरी चौसाळ्याच्या उघड्या अंगणात, गच्चीवर, वाऱ्याला बसायची. डॉक्टर म्हणाले होते तेच झालं, जेवढं कडक झालं होतं ते परत मऊ झालं नाही. उतारावर चालता यायचं, चढावर नाही.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर गेवराईकडचा एक मास्तर घराची चौकशी करत दुकानात आला. कावेरी मागच्या खोलीत शेंगदाणे भाजत होती. सोमलिंगनं त्याला स्टूल दिलं, चहा सांगितला. घर चांगल्या रस्त्याला आहे म्हणाला, तीन खोल्या, पाण्याचा नळ, अंगण. कावेरीनं गॅस बारीक केला.

"बघायला कधी येऊ?" मास्तरनं विचारलं.

बाहेर एक ट्रक गेला. तो गेल्यावर सोमलिंगचा आवाज ऐकू आला.

"आधी एक सांगतो, मग ठरवा. माझी बायको त्या घरात राहून आजारी पडली. मागच्या भिंतीला ओल हाय, बुरशी येती, तिच्यामुळं. आता रंग दिलाय म्हनून दिसत न्हाई."

मास्तर काहीतरी पुटपुटला. कोर्टाचं त्यानंही कुठून तरी ऐकलं असावं, कारण सोमलिंग म्हणाला, "कोर्टाचं कोर्टापाशी. मी तिचा नवरा हाय, मी बघितलंय."

मास्तर चहा यायच्या आधीच उठला. टपरीवरच्या पोरानं आणलेले दोन्ही कप सोमलिंगनं घेतले आणि एक आत आणून कावेरीपुढं ठेवला.  कावेरीनं कप उचलला. शेंगदाणे थोडे करपले होते.